डाखाऊच्या ट्रिपला मुलीला पाठव
अगं, शाळेच्या ट्रिपला घाबरून नाही म्हणू नकोस, इकडे जर्मनीत, बव्हेरियात नववीच्या आसपास मुलांना डाखाऊसारख्या नाझी छळछावणीचं स्मारक दाखवायला नेतातच. फक्त आधी घरी बोल, आणि मारल्या गेलेल्या 60 लाख ज्यूंच्या आकड्यापासून सुरुवात नको, तो मोठ्यांनाही झेपत नाही. ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे 1935 चे न्यूरेंबर्ग कायदे सांग, मग नोव्हेंबर 1938 मध्ये ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढलं ते सांग, तिथेच आमचा मुलगा थांबला आणि म्हणाला, आई, मग वर्गातली बाकीची मुलं काय करत होती? मला काही बोलताच आलं नाही गं. त्यानंतर वर्गात कुणाला एकटं पाडलं की हा त्याच्या शेजारी जाऊन बसायला लागला, मी कधी सांगितलं नव्हतं. आणि हो, परत आल्यावर लगेच प्रश्न नकोत, दोन दिवस गप्प राहू दे तिला.