जामीन आधी माणूस होता

विचारणा अशी : 'बातमीत वाचलं की आरोपीला जामीन मंजूर झाला, आणि खाली लिहिलं होतं की तो अजून तुरुंगातच आहे. हे कसं? शिवाय जातमुचलक्यातली जात म्हणजे आपली ती जातच का?'

जातीपासून सुरुवात करतो. ही संस्कृतातली 'जाति' नव्हे. हा अरबी 'ज़ात', म्हणजे स्वतः. 'साहेब जातीने हजर होते' यातला. मुचलका तुर्की, फारसीमार्गे आपल्याकडे आलेला. अर्थ लेखी हमी. म्हणजे जातमुचलका ही आपणच आपल्याबद्दल लिहून दिलेली हमी : तारखेला येईन, न आलो तर अमुक रक्कम भरीन. सही करताना खिशातून पैसे काढायचे नसतात, हे पुष्कळांना माहीत नसतं.

खरी गंमत 'जामीन'मध्ये आहे. अरबी 'ज़ामिन' म्हणजे हमी घेणारा. माणूस! 'मी त्याला जामीन राहतो' या वाक्यात तो अजून जिवंत आहे. जुन्या व्यवहारात हाजिरजामीन माणसाला हजर करण्याची हमी घेई, मालजामीन पैशाची, फैलजामीन वर्तणुकीची. पुढे इंग्रजी 'बेल'साठी हाच शब्द रुळला आणि जामीन मिळू लागला, फेटाळला जाऊ लागला, रद्द होऊ लागला. माणसासाठी 'जामीनदार' उरला. (व्युत्पत्ती पाहिली तर ही द्विरुक्तीच, पण आता कोण ऐकतंय!)

शब्दातून माणूस गेला, आदेशातून मात्र गेला नाही. आदेश साधारण असा असतो : '२५ हजारांचा जातमुचलका व तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार'. तुमच्या बातमीतला आरोपी बहुधा या 'सक्षम'पाशी अडकला असणार. सक्षम म्हणजे ज्याच्याकडे सातबारा, घरपट्टीची पावती, पगाराचा किंवा ऐपतीचा दाखला आहे असा. ज्याला असा मामा-काका आहे तो संध्याकाळी घरी जेवायला. नाक्यावरच्या मजुराचे सोबतीही नाक्यावरचेच. त्यांच्या नावावर काय असणार? कोर्टाच्या आवारात भाड्याचे जामीनदार मिळतात, ते याच अडचणीवर पोट भरतात.

१९७८ साली हाच शब्दाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मध्य प्रदेशातल्या मोतीराम या गवंड्याला जामीन झाला, खालच्या कोर्टाने १० हजारांचा जामीनदार मागितला, आणि त्याचा भाऊ पुढे आला तर 'तू दुसऱ्या जिल्ह्यातला' म्हणून नाकारला. न्या. कृष्ण अय्यर यांच्यापुढे मुद्दा होता : 'बेल' म्हणजे जामीनदार असलाच पाहिजे का? उत्तर मिळालं, नाही. नुसत्या जातमुचलक्यावरची सुटकाही त्यात येते. मोतीराम १ हजाराच्या जातमुचलक्यावर सुटला. तरी मागणी जामीनदाराचीच होत राहिली. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं.

खटल्याचा निकाल लागण्याआधीच तुरुंगात असलेल्या माणसाला बोलीत 'कच्चा कैदी' म्हणतात, कागदोपत्री 'न्यायाधीन बंदी'. मला कच्चाच आवडतो. कच्ची पावती, कच्चा रस्ता, तसाच तात्पुरता असल्याचा भास देणारा. प्रत्यक्षात २०२२ अखेर देशातल्या कैद्यांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त कच्चे होते, म्हणजे पक्के तिथे अल्पसंख्य.

तेव्हा 'जामीन मंजूर झाला' आणि 'जामिनावर सुटला' ही वाक्यं एकमेकांच्या जागी वापरू नयेत. आणि जातमुचलका एकत्रच लिहा. तोडलात की पुन्हा कुणीतरी विचारणार, कुठली जात?