रेझिनच्या नामफलकातला लाल रंग का उडाला?

निपाणीहून आपण विचारले आहे की, रेझिनमध्ये, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या द्रवात, अल्कोहोल इंक घालून ओतलेला लाल नामफलक पश्चिमेकडच्या भिंतीवर एकाच उन्हाळ्यात फिकट गुलाबी कसा झाला आणि पुढच्या ऑर्डरीसाठी कोणता रंग घ्यावा. आपल्या वर्णनावरून मापात चूक दिसत नाही. रंगाची जातच चुकली आहे. अल्कोहोल इंकमध्ये बहुधा विरघळणारे रंजक असतात. त्यांचा प्रत्येक रेणू सुटा पडून प्रकाशाच्या तोंडी येतो. रंगद्रव्य मात्र न विरघळता बारीक कणांच्या रूपात राहते आणि कणाचा बाहेरचा थर आतल्या भागाला बराच काळ आडोसा देतो.

म्हणून बाटलीवरचे 'रुबी' किंवा 'क्रिमझन' हे नाव न वाचता रंगद्रव्याचा क्रमांक वाचावा. त्यातली अक्षरे रंग सांगतात; पीआर म्हणजे 'पिगमेंट रेड', लाल रंगद्रव्य. पीआर १०१ म्हणजे लोहाचा ऑक्साइड. खानापूरकडची माती ज्यामुळे तांबडी दिसते तेच हे द्रव्य, आणि गेरूही त्याच घरातला. तो उन्हाला दाद देत नाही, पण छटा विटकरी येते, हे ग्राहकाला आधी सांगावे लागते. झळझळीत लाल हवा असेल तर मोटारींच्या रंगात वापरले जाणारे पीआर २५४ घ्यावे. पीआर ८३, म्हणजे अलिझरिन क्रिमझन, मात्र दिसायला कितीही मोहक असले तरी बाहेरच्या कामासाठी घेऊ नये. निळ्यासाठी पीबी १५, हिरव्यासाठी पीजी ७ आणि पांढऱ्यासाठी पीडब्ल्यू ६ निर्धास्त वापरावेत. फ्लोरोसंट रंग घरातच ठेवावेत.

मी स्वतः एकदा देवघराच्या पाटीसाठी हळद मिसळली होती. हार्डनर अल्कधर्मी असल्याने ती मिसळताच लालसर झाली आणि खिडकीपाशी ठेवल्यावर तो रंगही काही महिन्यांत उडाला.

आणखी एक बाब अशी की, साधे इपॉक्सी जातीचे रेझिन उन्हात स्वतःच पिवळे पडते, त्यामुळे पांढरा हस्तिदंती आणि पारदर्शक निळा हिरवट दिसू लागतो. तेव्हा रंगाला दोष देण्याआधी रेझिन पाहावे आणि बाहेरच्या कामावर अतिनील किरण रोखणारा पारदर्शक लेप द्यावा. रंगाचे प्रमाण वजनाने २ ते ३ टक्के पुरते. पाण्यातले ॲक्रिलिक रंग जास्त घातल्यास ओतकाम धुरकट किंवा मऊ राहते. आपल्याकडच्या पावसाळ्यात कोरडी पूडही ओल धरते, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि गेरू तर तव्यावर कोरडा करून, निववून मगच मिसळावा.

ऑर्डर घेण्यापूर्वी प्रत्येक रंगाची एक पट्टी ओतावी, तिचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या कागदाने झाकावा आणि मार्च ते मे ती गच्चीवर ठेवावी. जूनच्या पहिल्या सरीआधी कागद काढला की दोन्ही अर्ध्यांतला फरक ग्राहकालाही दाखवता येतो.