घर डोमिनिकन रिपब्लिकमध्ये आणि पासपोर्ट डोमिनिकाचा?

प्रश्न : मी नाशिकची, वय ६३, निवृत्त प्राध्यापिका. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. मुलगा डोमिनिकन रिपब्लिकमध्ये पुंता काना इथे हॉटेलात नोकरीला आहे, मुलगी नाशिकलाच असते. उरलेलं आयुष्य मुलाजवळ काढावं असं मनात आहे. माझं निवृत्तिवेतन ९२,००० रुपये आणि यजमानांमागचं कुटुंब निवृत्तिवेतन ४६,००० रुपये. एका एजंटाने तिथे बांधकाम चालू असलेला १,४०,००० डॉलरचा फ्लॅट सुचवला आहे. ‘घर घेतलं की पासपोर्ट मिळतो’ असं तो सांगतो. बुकिंगचे १४,००० डॉलर मागतो, त्यातले निम्मे मुंबईत रोखीने. यासाठी यजमानांकडून आलेली निफाडची तीन एकर द्राक्षबाग विकायला काढली आहे. काही चुकतंय का?

सल्ला : ताई, बागेचा व्यवहार आजच थांबवा आणि मुंबईतल्या त्या माणसाच्या हाती एक रुपयाही ठेवू नका. बाकीचं सावकाश बोलू.

पासपोर्टचं आधी. घरावर पासपोर्ट देणारा देश डोमिनिका. तो वेगळाच छोटा, इंग्रजी बोलणारा देश आहे. गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व द्यायची योजना तिथे १९९३ पासून चालते आणि आता किमान २ लाख डॉलर लागतात. तुमचा मुलगा राहतो तो स्पॅनिश बोलणारा डोमिनिकन रिपब्लिक. तिथे फ्लॅट घेतला म्हणून नागरिकत्व मिळत नाही. एजंटाला हा फरक ठाऊक नसेल तर त्याच्या हाती एवढी रक्कम देणं धोक्याचं, आणि ठाऊक असेल तर त्याहून धोक्याचं.

शिवाय पासपोर्ट हवाच कशाला? आपला नागरिकत्व कायदा, १९५५, दुहेरी नागरिकत्व मानत नाही. स्वेच्छेने परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं की कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. तुम्हाला मुलाजवळ राहायचंय, त्याला निवासाचा परवाना पुरतो.

हा परवाना मिळायला घर विकत घ्यावं लागत नाही. तिथल्या २००७ च्या १७१-०७ क्रमांकाच्या कायद्यात निवृत्तांसाठी वेगळी सोय आहे. दरमहा किमान १,५०० डॉलर निवृत्तिवेतन दाखवायचं. डॉलर ९० रुपयांना धरला तर हे झाले १,३५,००० रुपये. तुमची दोन्ही मिळून होतात १,३८,०००. म्हणजे जेमतेम. रुपया थोडा घसरला की आकडा खाली जाईल. म्हणून दोन्ही निवृत्तिवेतनं एकत्र धरतात का, हे त्यांच्या नवी दिल्लीतल्या दूतावासाकडून लेखी घ्या. जन्मदाखला, विवाहदाखला, निवृत्तिवेतनाचं प्रमाणपत्र आणि पोलीस दाखला यांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, लागेल, स्पॅनिश भाषांतरही. दाखले काढायला आत्ताच लागा, वेळ त्यातच जातो.

आता पैशाचं. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर बाहेर पाठवता येतात, परदेशात घर घ्यायलाही. मात्र रक्कम तुमच्याच खात्यातून, अधिकृत बँकेमार्फतच जायला हवी. वर्षाला १० लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधी कापून घेते. तो विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. मुंबईत रोख देऊन तिकडे डॉलर पोचवणं ही हवाला. फेमाखाली, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली, गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो, आणि तो एजंटालाच नाही, तुम्हालाही भरावा लागू शकतो. तिकडे कायमचं राहायला गेलात की फेमाच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी ठरता. मग बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं भारतातलं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागेल. त्यातून कर भरून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात, तेव्हा ‘आत्ताच नाही नेलं तर पैसा कायमचा अडकला’ ही भीती बाळगू नका.

बागेबद्दल मला फार वाटतं. अनिवासी झाल्यावरही ही जमीन तुमच्याच नावावर राहू शकते, फेमाच्या कलम ६(५) मध्ये तशी मुभा आहे. नवी शेतजमीन मात्र अनिवासीला विकत घेता येत नाही. आणि उद्या मन रमलं नाही म्हणून परत आलात, तर महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असायला हवं. सगळी जमीन विकून बसलेल्या माणसाला ते सिद्ध करताना किती हेलपाटे घालावे लागतात, ते मी कचेरीत पाहिलंय.

म्हणून वर्षभर तिकडे भाड्याने राहा. जून ते नोव्हेंबर वादळांचे महिने असतात, तेही अनुभवा. आरोग्य विमा तिकडचा घ्या, इथला बहुधा तिथे चालत नाही. दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा, त्यासाठी सांतो दोमिंगोत आपला दूतावास आहे.

त्यानंतरही घर घ्यावंसं वाटलं, तर बिल्डरने सुचवलेला नाही, तुमचा स्वतःचा वकील नेमा. तिथे ‘देसलिंदे’ नावाची प्रक्रिया असते. आपल्याकडे सामाईक गटातून पोटहिस्सा मोजून वेगळा करतात, साधारण तसंच. ती न झालेल्या जमिनीवर नुसता हिश्शाचा कागद असतो, हद्द ठरलेली नसते. वकिलाने नोंदणी कार्यालयातून मिळकतीच्या कायदेशीर स्थितीचा दाखला काढावा, बोजा त्यात दिसतो. घरखरेदीदारांना संरक्षण देणारा आपला रेरा कायदा तिथे नाही. पण २०११ च्या कायद्याने न्यासामार्फत (ट्रस्टमार्फत) प्रकल्प उभारायची सोय आहे, तुमचा पैसा तशा न्यासात जातो की थेट बिल्डरच्या खात्यात, एवढं विचाराच.

मृत्युपत्रं दोन करा, इथल्या मिळकतीचं इथे आणि तिथल्या मिळकतीचं तिथे. दुसरं करताना ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे ठरावीक वाक्य घालू देऊ नका, नाहीतर बागेचं मृत्युपत्रही त्यात रद्द होईल. आणि ते लिहायला बसण्यापूर्वी मुलीशी बोला. पत्रात तुम्ही तिचा उल्लेख केलात, पण तिला हे सगळं सांगितलंय की नाही, ते लिहिलं नाहीत.