कॉफीच्या जुन्या जाहिराती : तुमचे प्रश्न

प्रश्न : भद्रकालीतल्या जुन्या वाड्याच्या फडताळात मराठी मासिकातलं एक सुटं पान मिळालं. कॉफीच्या डब्याचं चित्र, 'अर्धा पौंड', किंमत रुपये आणि न. पै.मध्ये, पत्ता 'मुंबई १'. साल कुठेच नाही. कसं काढायचं?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : चित्रातल्या बाईच्या अंबाड्यावरून साल ठरवायला जाऊ नका. एकदा केलेला ब्लॉक (चित्राचा छपाईचा ठसा) कंपन्या वर्षानुवर्षं वापरत. बारीक अक्षरं वाचा. 'न. पै.' म्हणजे नवे पैसे. ते १ एप्रिल १९५७ला आले आणि १ जून १९६४ला त्यातलं 'नवे' गळालं. नुसते आणे-पै असते तर पान बहुधा १९५७च्या आधीचं. मेट्रिक वजनं १९५८पासून टप्प्याटप्प्यानं येऊन १९६२मध्ये सक्तीची झाली. तुमच्या पानावर पौंड आणि नवे पैसे दोन्ही आहेत, म्हणजे ते बहुधा १९५७ ते १९६२ मधलं. कुठे 'मुंबई राज्य' छापलेलं असेल तर १ मे १९६०च्या आधीचं. सहा आकडी पिन १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. मात्र पिन नाही म्हणून पान जुनंच, असं नव्हे. बरेच जण पुढेही 'मुंबई १'च लिहीत राहिले.

आता पान उलटा. पाठीमागे क्रमशः कादंबरीचा तुकडा किंवा चित्रपटाची जाहिरात असेल, तर साल तिथंच सापडायची शक्यता जास्त. फोटो काढून सार्वजनिक वाचनालयात जा आणि या पाच-सहा वर्षांतले मासिकांचे बांधीव खंड मागा.

प्रश्न : अशा जाहिराती विकायला असतात. अस्सल कशी ओळखायची?
– सिडको

उत्तर : दहापट भिंग घ्या. ब्लॉकच्या छपाईत अक्षराच्या कडेला शाई दाबून गडद रेघ उठते, आणि पाठीमागून बोट फिरवलं की बरेचदा उठाव जाणवतो. घरच्या प्रिंटरवर नुसते विखुरलेले रंगीत ठिपके दिसतात. सगळ्यात सोपी खूण फाटक्या कडेची : पान पिवळं आणि कड पांढरीशुभ्र, म्हणजे पिवळेपणाही छापलेलाच.

प्रश्न : रद्दीतल्या अमेरिकी मासिकात एक भुतासारखा माणूस कॉफी पिणाऱ्याला छळतोय. ही कॉफीचीच जाहिरात का?
– नाशिकरोड

उत्तर : उलट, कॉफी सोडवण्याची. तो 'मिस्टर कॉफी नर्व्हज', १९३०च्या दशकातल्या पोस्टम या कॉफीऐवजी प्यायच्या पेयाच्या जाहिरातींतल्या चित्रकथांमधला खलनायक. घरातल्यांनी पोस्टम घेतलं की तो पळ काढतो. पोस्टम सी. डब्ल्यू. पोस्ट यांनी १८९५मध्ये मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथं काढलं : गव्हाचा कोंडा आणि काकवी भाजून केलेलं, कॅफिन अजिबात नाही. गंमत अशी, की याच कंपनीनं १९२८मध्ये मॅक्सवेल हाउस कॉफी विकत घेतली होती. म्हणजे ही चित्रं छापत असताना कॉफीही तेच विकत होते!

प्रश्न : पान लॅमिनेट करू का?
– सातपूर

उत्तर : मुळीच नको. उष्णता आणि गोंद कागदात मुरतात, पुन्हा सोडवता येत नाहीत. सेलोटेपही नको, त्याचा तपकिरी डाग पडतो. पिना गंजल्या असतील तर ओढू नका. मागची टोकं पातळ पात्यानं उघडून काढा. फाटलेल्या जागी गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा (कणकेची नको, तिला कसर लागते) : एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, पारदर्शक होईपर्यंत ढवळत शिजवायची, गार करून गाळायची. त्याआधी ओला कापूस एका कोपऱ्यावर टेकवून शाई सुटत नाही ना ते पाहा. जपानी टिश्यूच्या (पातळ पण चिवट कागदाच्या) पट्टीला अगदी पातळ खळ लावून मागून चिकटवा आणि टिपकागदांत घालून वजनाखाली ठेवा. जाड खळ वाळताना आकसते, पान तिथंच मुरडतं. नंतर पॉलिएस्टरच्या पाकिटात, आडवं. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, आणि भिंतीवर लावायला झेरॉक्स करून घ्या.