मुलगा अकरावीत आहे, संध्याकाळी फास्टफूडच्या दुकानात पार्ट टाइम काम करतो म्हणतो. करू द्यावं का?

करू द्या. पोरगं वाया जात नाही. फक्त किती वाजता घरी येतं ते पाहा, त्यावर खाली लिहितो.

मी दारव्हा तालुक्यातला. 2010 मध्ये अकरावीत असताना बसस्टँडजवळच्या चायनीजच्या गाडीवर लागलो. आमच्याकडे फास्टफूड म्हणजे गाडीच. आदल्या साली पावसाने दगा दिलेला, घरी एसटीच्या पासचे पैसे मागायचीही सोय नव्हती. रोजचे पन्नास रुपये आणि निघताना एक हाफ राइस, एवढं ठरलं.

पहिले पंधरा दिवस नुसत्या प्लेटा. डिसेंबरात ड्रममधल्या पाण्याने बोटं बधिर होत. मंचुरियनचं तेल थंड पाण्याने निघत नाही, उलट प्लेटभर पसरतं. मालकाने दाखवलं की भात शिजला की वरची गरम पेज फेकायची नाही, प्लेटा आधी तिच्यात बुडवायच्या. तेल आपोआप सुटतं. मग कोबी चिरणं, मग हिशेब. वही नव्हती. प्रत्येक बाकड्याची एक वाटी, फुल प्लेटला तिच्यात आख्खी काडी, हाफला मोडकी. गिऱ्हाईक उठलं की वाटी पाहून पैसे सांगायचे. आज माझं कृषी केंद्र आहे. खताच्या बॅगा आणि फवारणीच्या औषधांचं बिल मी तोंडी सांगतो, ते शाळेत शिकलो नाही.

एका बाजाराच्या दिवशी मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाने, मला प्लेटा धुताना पाहिलं. रात्री घरी येऊन माझ्यादेखत माझ्या बाबांना म्हणाले, "पाटलाचं पोट्टं लोकायच्या उष्ट्या प्लेटा धुते. लाज नाई वाटत तुले?" बाबा खाली मान घालून बसून राहिले. ती मान मला अजून दिसते.

हेच मोठेबाबा दिवाळीनंतर मला आणि त्यांच्या पोराला आठ-आठ दिवस शाळा बुडवून कापूस वेचायला न्यायचे. उकललेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला घुसतात, बोटं सोलून निघतात, रात्री जेवताना तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येतं. तेव्हा कोणाची अब्रू गेली नाही. कायद्यातही घरच्या कामात मुलांनी हात लावायला मुभा आहे, पण ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, शाळा बुडवून नाही. वेचणीच्या दिवसांत गावच्या शाळेतले बाक मोजून या. पोरांच्या शिक्षणाचं नुकसान कुठे होतं ते कळेल, आणि त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही याचा मला राग येतो.

आता वेळेचं. आमची गाडी साडेदहाला आवरायची, तोवर गावची शेवटची बस गेलेली. सात किलोमीटर सायकल, त्यात लोडशेडिंग. सकाळी फिजिक्सच्या तासाला मी बाकावर डोकं टेकून झोपलेला. बारावीला 52 टक्के पडले. मोठेबाबा आजही म्हणतात, "गाडीनं खाल्लं पोट्टं." मी म्हणतो गाडीने नाही, जागरणाने. सहाला सुटलो असतो तर अभ्यास झाला असता.

कायदाही तेच सांगतो. बालकामगारांचा 1986 चा कायदा आधी चौदाच्या आतल्यांपुरता होता. 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 ते 18 वयाची मुलंही त्यात आली. धोकादायक कामं सोडून काम करता येतं, पण विश्रांती धरून दिवसाला सहा तासांच्या वर नाही, सलग तीन तासांनंतर एक तास विश्रांती, आठवड्याला एक सुट्टी, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम बंद. म्हणजे तुमचा मुलगा म्हणतो ती 'संध्याकाळ' सातला संपली पाहिजे. गाडीचा खरा धंदाच सातनंतर असतो, म्हणून मालक कुरकुर करेल. तुम्ही स्वतः जाऊन बोला, पोराला एकट्याला बोलू देऊ नका. सकाळच्या नाश्त्याच्या हॉटेलात सुट्टीच्या दिवशी आठनंतर काम मिळालं तर उत्तमच. पगार त्याच्या हातात द्यायला लावा, तुमच्या नाही.

कढईजवळ उभं करू नका म्हणावं. माझ्या मनगटावर तेलाचा डाग आहे, मालकाने घाईत टूथपेस्ट चोळली होती. तसं काही लावू नये, लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरावा आणि मग दवाखाना.

मोठेबाबांचा नातू यंदा अकरावीत आहे. त्यालाही गाडीवर लागायचंय, घरात परत तेच सुरू आहे. मी त्याच्या बाजूने बोललो आणि मोठेबाबा माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. बोलू नका म्हणा. पोराने कष्टाचे पैसे आणले तर त्यात घराण्याचं काय गेलं?

आणि हो, बारावीच्या वर्षी डिसेंबरपासून काम पूर्ण बंद ठेवा. मी जानेवारीतही जातच होतो, तेवढं मोठेबाबांचं खरं आहे.