भरतनाट्यम नेमके कोणी घडवले?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा : मुलीच्या नृत्यवर्गात सांगितले जाते की रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी हे नृत्य देवळातून रंगमंचावर आणून त्याला प्रतिष्ठा दिली, दुसरीकडे तुम्ही वाचले की उच्चवर्णीयांनी ते देवदासींकडून काढून घेतले आणि खरी परंपरा देवदासी घराण्यातल्या नर्तकी बालसरस्वती यांच्याबरोबर संपली. यांतले खरे कोणते, आणि तंजावरच्या मराठ्यांचा यात काही वाटा होता का?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु दोन्ही बाजू एकाच ठिकाणी अपुऱ्या पडतात, कारण ज्यांनी या नृत्याची रचना केली, ते शिकवले आणि हातात झांजा घेऊन ते चालवले, त्या नट्टुवनारांचा उल्लेख कुठेच येत नाही. नट्टुवनार म्हणजे केवळ नृत्यशिक्षक नव्हे. देवदासींच्याच समाजातील हे पुरुष गायन, मृदंग, लय आणि रचना या सगळ्यांत तयार असत. लाकडी ठोकळ्यावर तट्टुकळी ही दांडी आपटत ते मुलींकडून अडवू, म्हणजे नृत्याचे मूळ पदन्यास, घोटून घेत, आणि कार्यक्रमात बोल म्हणत, झांजांवर ताल धरत नर्तकीच्या मागे उभे राहत. भरतनाट्यमचा इतिहास या घराण्यांच्या नातेसंबंधांतून वाचला, तर वादातल्या बऱ्याच गोष्टी सुटतात.

आज आपण कार्यक्रमात जो क्रम पाहतो, अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, जावळी आणि शेवटी तिल्लाना, त्याला हा आकार मिळाला तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, तंजावरला, सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या दरबारात. तो देणारे चिन्नय्या (जन्म १८०२), पोन्नय्या (१८०४), शिवानंदम (१८०८) आणि वडिवेलू (१८१०) हे चौघे भाऊ नट्टुवनार घराण्यातले होते आणि कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांच्याकडे त्यांनी संगीताचे शिक्षण घेतले होते. त्यांनी नृत्य शून्यातून निर्माण केले असे कोणीही म्हणू नये. मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळापासून तंजावरला नृत्याची आणि पदरचनेची समृद्ध परंपरा होतीच. या भावांनी अडवूंची शिस्तशीर मांडणी केली, शुद्ध नृत्य आणि अभिनय यांचा तोल साधणारा क्रम बसवला आणि त्या क्रमात चपखल बसतील अशा स्वतःच्या रचना केल्या.

त्यांची खरी कामगिरी वर्णममध्ये, म्हणजे शुद्ध नृत्य आणि अभिनय एकत्र गुंफणाऱ्या दीर्घ रचनेत दिसते, म्हणून तिथे थोडे थांबतो. आनंदभैरवीतले ‘सखिये’ हे त्यांच्या परंपरेतले प्रसिद्ध वर्णम घ्या. नायिका सखीला विनवते की आता उगीच बहाणे करू नकोस, माझ्या स्वामीला घेऊन ये. मजकूर एवढाच. गायिका ती ओळ पुन्हापुन्हा गाते आणि प्रत्येक आवर्तनात नर्तकी तीच विनवणी वेगळ्या तऱ्हेने मांडते : एकदा आर्जवाने, एकदा रुसव्याने, एकदा त्याच्या जुन्या भेटीची आठवण काढून. मग मध्येच नट्टुवनार तीर्मानमचे, म्हणजे शुद्ध नृत्याच्या लयबद्ध तुकड्याचे, बोल सुरू करतो, नर्तकी अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवलेल्या अर्ध्या बैठकीत, काटेकोर अडवू करते, आणि तीर्मानम समेवर येताच तिच्या चेहऱ्यावर पुन्हा ती नायिका उभी राहिलेली असते. अर्धा ते पाऊण तास हे चालते. पाय, श्वास, लय, स्मरण आणि भाव या सगळ्यांची परीक्षा एकाच रचनेत घेण्याची ही युक्ती अजूनही कोणाला मागे टाकता आलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठी वाचकाने इथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. तंजावरच्या भोसले राजांचा वाटा केवळ आश्रयदात्याचा नव्हता. शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) स्वतः नाट्यप्रबंध रचत. तेलुगूतला ‘पल्लकी सेवा प्रबंधम’ त्यांचाच. सरफोजींच्या नावावर तर नृत्यासाठीच रचलेली मराठी निरूपणे आहेत. जयजय, शरणु, अलारु, सोल्लु, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना अशा पायऱ्यांनी मंगळापर्यंत जाणाऱ्या या रचनांची विशेष बाब अशी की एका निरूपणात आरंभापासून शेवटपर्यंत एकच कथा, एकच राग आणि एकच ताल असतो. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५८ मध्ये ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने हे साहित्य प्रसिद्ध केले, आणि मुंबईत आचार्य पार्वतीकुमार यांनी अनेक वर्षे खपून ते पुन्हा नृत्यात उभे केले. भरतनाट्यम मराठीत करणे ही काही लोकांना नवी टूम वाटते. वस्तुतः ज्या दरबारात या नृत्याची घडी बसली, तिथेच मराठी रचना झालेल्या आहेत. आपल्याकडच्या वर्गांत त्या अभावानेच शिकवल्या जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

चौघे भाऊ पुढे एकत्र राहिले नाहीत, आणि त्यामुळेच त्यांचे काम दूर पोहोचले. चिन्नय्या म्हैसूरला गेले. वडिवेलू त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांकडे गेले. व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुजवण्याचे मोठे श्रेय त्यांना दिले जाते आणि महाराजांनी त्यांना १८३४ मध्ये हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले होते. दुसरे दोघे तंजावरलाच राहिले. १८५५ मध्ये राजाला पुत्र नाही या कारणावरून इंग्रजांनी तंजावरचे राज्य खालसा केले आणि नट्टुवनारांचा दरबारी आधार तुटला. तरीही तंजावरच्या राजघराण्यातील लक्ष्मीबाई, म्हणजे पहिल्या चिमणाबाई, १८८० मध्ये सयाजीराव गायकवाडांशी विवाह होऊन बडोद्याला आल्या, त्या संबंधातून गौरा आणि कांतिमती या नर्तकी बडोद्याच्या दरबारात आल्या. मद्रासमध्ये १९३० च्या दशकात झालेल्या पुनरुज्जीवनाच्या कितीतरी आधी हे नृत्य पश्चिम भारतात नांदत होते, ते या मराठा दरबारांच्या सोयरिकीमुळे.

आता वादाच्या काळाकडे येतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी मुली देवाला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध मद्रास विधान परिषदेत आवाज उठवला; त्यांची आई स्वतः देवदासी समाजातली होती. मुलींचे होणारे शोषण खरे होते आणि रेड्डींची तळमळही खरी होती. दुसऱ्या बाजूने बंगळूर नागरत्नम्मा यांच्यासारख्या विदुषीने विरोध केला, कारण प्रथेबरोबर या स्त्रियांची मालमत्ता, विद्या आणि समाजातले स्थानही जाणार हे त्यांना दिसत होते. वकील आणि कलाप्रेमी ई. कृष्ण अय्यर यांनी मध्यममार्ग धरला की प्रथा जावी, पण कला राहावी. ते स्वतः स्त्रीवेष घेऊन नाचत असत. १९४७ मध्ये देवदासी अर्पणबंदीचा कायदा झाला, तोपर्यंत या घरांतल्या बहुतेक मुलींच्या पायांतले चाळ सुटलेले होते. कायद्याची गरज मी नाकारत नाही. परंतु ज्या स्त्रियांनी ही विद्या सांभाळली त्यांना नव्या रंगमंचावर सन्मानाने नेण्याची व्यवस्था कोणी केली नाही, हा अन्याय होता आणि तो अन्याय म्हणूनच सांगितला गेला पाहिजे.

कृष्ण अय्यर यांच्या प्रयत्नांमुळे मद्रासच्या म्युझिक अकॅडमीने १९३१ मध्ये आणि पुन्हा १९३३ मध्ये ‘कल्याणीच्या मुली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजलक्ष्मी आणि जीवरत्नम या भगिनींचा कार्यक्रम केला. त्यांचे गुरू होते पंदनल्लूरचे मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै. १९३३ चा कार्यक्रम रुक्मिणीदेवींनी पाहिला आणि तिथून त्यांची दिशा ठरली. पुनरुज्जीवनाच्या कथेत या दोन भगिनींचे नाव क्वचितच घेतले जाते. तुमच्या मुलीला ते जरूर सांगा.

मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै (१८६९ ते १९५४) यांच्याविषयी मी थोडे अधिक लिहितो, कारण भरतनाट्यमच्या आधुनिक इतिहासात त्यांच्याइतका प्रभाव दुसऱ्या कोणत्याही गुरूचा नाही असे मला वाटते. ते तंजावरच्या भावांच्याच वंशपरंपरेतले. कावेरीच्या खोऱ्यातल्या त्यांच्या गावी शिष्य येऊन राहत आणि शिकत. रुक्मिणीदेवी, मृणालिनी साराभाई, राम गोपाल, शांता राव ही नावे पाहिली की ध्यानात येते की समाजाबाहेरच्या पहिल्या पिढीतले किती मोठे कलावंत याच हातांखालून गेले. ज्या वयात माणूस विश्रांती घेतो, त्या वयात त्यांनी तमिळ न येणाऱ्या, वेगळ्या संस्कारांत वाढलेल्या शिष्यांनाही शिकवले. शिष्याच्या शरीराची ठेवण आणि कुवत पाहून ते जती, म्हणजे बोलांवरचे नृत्याचे तुकडे, बांधत, म्हणून शांता रावांचा धगधगता जोर आणि रुक्मिणीदेवींचे आखीव सौष्ठव एकाच गुरूकडून आलेले असूनही एकमेकांची नक्कल वाटत नाही. आपली बाणी, म्हणजे घराण्याची शैली, जपायची म्हणून शिष्यांना एका साच्यात ओतणाऱ्या शिक्षकांनी हा मुद्दा विचारात घ्यावा.

बालसरस्वती (१९१८ ते १९८४) यांचे गुरू कंदप्पा पिळ्ळै हेही त्याच भावांचे वंशज. म्हणजे ज्या दोन स्त्रियांना आपण विरुद्ध टोकांना उभे करतो, त्यांचे नृत्य मुळात एकाच घराण्याकडून आले. आणखी एक धागा त्याहून जवळचा आहे. मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराशी निगडित असलेल्या गौरी अम्माळ यांनी बालसरस्वतींना अभिनय शिकवला, आणि रुक्मिणीदेवींच्या आरंभीच्या गुरूही त्याच होत्या.

बालसरस्वती या प्रसिद्ध वीणावादिका वीणा धनम्माळ यांची नात. घरात संगीत होते आणि आई जयम्माळ त्यांच्या नृत्यासाठी गात असे. १९२५ मध्ये कांचीपुरमला त्यांचे अरंगेट्रम, म्हणजे पहिले जाहीर नृत्य, झाले, तेव्हा त्या अवघ्या सात वर्षांच्या होत्या. कंदप्पांची शिस्त अत्यंत कडक होती आणि १९४१ मध्ये ते अकाली गेले. बालसरस्वतींच्या अभिनयाचे मर्म असे की त्या हावभाव ‘दाखवत’ नसत. स्वतः गात असताना स्वर जिथे वळतो तिथे नजर वळत असे. सत्यजित राय यांनी १९७६ मध्ये त्यांच्यावर केलेल्या माहितीपटात त्या समुद्रकिनाऱ्यावर ‘कृष्णा नी बेगने बारो’ (कृष्णा, तू लवकर ये) हे कन्नड पद करतात. वारा सुटलेला आहे, साडी फडफडते आहे, पण हाक मारणाऱ्या हातात आणि डोळ्यांत बाळकृष्णाविषयीची ओढ जराही ढळत नाही. शृंगार हा या नृत्याचा गाभा आहे आणि तो शुद्ध करण्याची गरज नाही, कारण तो अशुद्ध कधी नव्हताच, ही त्यांची भूमिका होती. मार्गमचा, म्हणजे कार्यक्रमातल्या रचनांचा, क्रम म्हणजे अलारिप्पूच्या गोपुरातून आत शिरून पदमच्या गर्भगृहापर्यंत जाणे आहे, अशी मांडणी त्यांनी १९७५ च्या भाषणात केली.

रुक्मिणीदेवींनी (१९०४ ते १९८६) डिसेंबर १९३५ मध्ये अड्यारला पहिला कार्यक्रम केला आणि पुढच्याच वर्षी कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था स्थापन केली. नर्तकीमागे उभे राहून वाजवणारे वादक बाजूला बसले, वेशभूषा आणि प्रकाशयोजना बदलली, शृंगारप्रधान काही पदे आणि जावळ्या मागे पडल्या आणि भक्तीवर भर आला. तिथले नट्टुवनार चोक्कलिंगम पिळ्ळै कलाक्षेत्र सोडून गेल्यावर रुक्मिणीदेवींनी नट्टुवांगम, म्हणजे झांजा आणि बोलांनी नृत्य चालवण्याचे काम, आपल्या शिष्यांकडेच सोपवले, आणि पारंपरिक घराण्यांवाचून नृत्य चालू शकते असे दिसून आले. हे त्यांचे धैर्य होते. त्याच वेळी नट्टुवनारांचे स्थान ढासळण्याची सुरुवातही तिथूनच झाली. अडवूंची स्वच्छता आणि संस्थेत राहून शिकण्याची सोय यासाठी मी त्यांचा ऋणी आहे. पण त्यांनी नृत्याचे ‘शुद्धीकरण’ केले हे वाक्य वर्गात म्हटले जाऊ नये, कारण त्यात गौरी अम्माळसारख्या गुरूंचा अपमान आहे.

बाकीच्या बाण्यांविषयी थोडक्यात सांगतो. वळुवूर रामय्या पिळ्ळै (१९१० ते १९९१) यांची शैली अधिक लवचिक. कुमारी कमला यांच्या चित्रपटांतील नृत्यांमुळे ती घराघरांत पोहोचली. किट्टप्पा पिळ्ळै (१९१३ ते १९९९) यांनी तंजावरच्या भावांच्या रचना जपल्या आणि नर्तकी नटराज यांना घडवले. पारलिंगी कलावंत असलेल्या नर्तकी नटराज यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. मुंबईत तिरुविडैमरुदूरच्या कुप्पय्या पिळ्ळै यांच्या घराण्याने १९४५ मध्ये राजराजेश्वरी भरत नाट्य कला मंदिर सुरू केले, त्यामुळे महाराष्ट्रातल्या अनेक शिक्षिकांची गुरुपरंपरा दोन-तीन पिढ्यांत थेट नट्टुवनारांपर्यंत पोहोचते.

म्हणून माझी सूचना अशी की मुलीच्या ताईंना त्यांची बाणी कोणती आणि त्यांच्या गुरूंचे गुरू कोण, हे आदराने विचारा. चांगल्या शिक्षिकेला हा प्रश्न आवडतो. मुलगी वर्णमपर्यंत आली की ती रचना कोणाची आहे हेही विचारा. ती पोन्नय्यांची किंवा वडिवेलूंची निघण्याची शक्यता बरीच आहे. आणि वर्गात सरफोजींचे एखादे निरूपण बसवता येईल का, हेही सुचवून पाहा. पाठांतराला भाषा घरचीच असल्यामुळे मुलींना त्यातला अभिनय लवकर उमगेल.