मारात एकच दिवस आहे? मग यादी घरी ठेवा

प्रश्न : ऑगस्टमध्ये आम्ही चौघं केनियाला चाललो आहोत. मासाई मारात फिरायला पूर्ण दिवस एकच मिळणार आहे. टूरच्या माहितीपत्रकात ‘बिग फाइव्ह’ लिहिलंय. एका दिवसात पाचही प्राणी दिसतील का? ड्रायव्हरला आधीच तसं सांगून ठेवावं का? आई ६८ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. तिला दिवसभर झेपेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी आईंचं. त्यांना झेपेल, कारण मारात पायी फिरायचं नसतंच, सगळं गाडीतूनच बघायचं. वाटा मात्र खडबडीत आहेत आणि दणके सर्वांत जास्त मागच्या सीटला बसतात. त्यांना ड्रायव्हरशेजारी किंवा त्याच्या लगेच मागे बसवा. छप्पर वर उचलून बाकीचे उभ्याने बघतात, पण आईंना खिडकीतूनही छान दिसेल. बाथरूमची सोय सगळीकडे नसते. ड्रायव्हर आधी झुडपामागे नजर टाकून येतो, मग आपण जायचं. हे त्यांना निघण्याआधीच सांगा. आपल्याकडच्या बायका अशा प्रवासात पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात.

आता यादी. सिंह, हत्ती आणि रानम्हशी दिसण्याची शक्यता दांडगी आहे. बिबट्या दिसला तर दिसला. काळे गेंडे मुळात थोडे आणि झुडपात राहणारे. पण मुळात ही यादी केली शिकाऱ्यांनी, पायी शिकार करायला सर्वांत धोक्याचे प्राणी कोणते, या हिशेबाने. तिच्यात चित्ता नाही, जिराफ नाही, पाणघोडा नाही. तुमचा एकुलता एक दिवस तिच्यापायी घालवू नका, असं मी अगदी कळकळीने सांगते. यादी हातात दिलीत की ड्रायव्हर वायरलेसला कान लावून बसतो. कुठे बिबट्या दिसल्याचं कळलं की गाडी सुसाट निघते. धूळ खात पोचावं, तर झाडाखाली गाड्यांची गर्दी आणि फांदीवरून लोंबणारी एक शेपटी.

त्याऐवजी फाटक सकाळी सहाला उघडतं तेव्हाच आत शिरा. विषुववृत्त जवळ असल्यामुळे सूर्य तिथे बारा महिने साडेसहाच्या आसपास उगवतो. मारा समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे, त्यामुळे ऑगस्टच्या पहाटे स्वेटर आणि कानटोपी लागतेच. सिंह याच वेळेला हालचाल करताना दिसतात. ऊन चढलं की ते आडवे होतात आणि मग संध्याकाळपर्यंत फारसं काही घडत नाही.

ताडोब्यात आपण वानर आणि चितळाच्या धोक्याच्या हाकेवर (कॉलवर) वाघाचा माग काढतो. मारात तसंच टोपी नावाच्या कुरंगाकडे लक्ष ठेवा. तांबूस अंग, मांड्यांवर निळसर काळे डाग आणि पाय असे पिवळे की मोजे घातल्यासारखे. तो वारुळावर चढून तासन् तास उभा असतो. तो मान न हलवता एकाच दिशेला बघत फुरफुरायला लागला, की ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा आणि तुम्हीही तिकडेच बघा.

गेल्या खेपेला एका टोपीच्या अशाच नजरेवरून आम्हाला चित्त्याची मादी सापडली. डोळ्यांपासून जबड्यापर्यंत उतरलेल्या त्या काळ्या रेघा दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होत्या. मागे गवतात दोन पिल्लं, पाठीवर अजून राखाडी लव असलेली. समोर थॉमसन गझेलचा कळप चरत होता. हरणाने मान खाली घातली की ती चार पावलं पुढे यायची, मान वर झाली की उचललेला पंजा तसाच हवेत. आम्ही श्वास रोखून बसलो होतो. तेवढ्यात पलीकडून तीन गाड्या गवत तुडवत थेट मध्ये आल्या, हरणं उधळली, चित्त्याची मादी मटकन खाली बसली. पिल्लं उपाशी राहिली. अजूनही ते आठवलं की जीव तुटतो.

वाट सोडून गाडी गवतात घालायची नाही आणि एका शिकारी प्राण्याभोवती पाचांपेक्षा जास्त गाड्या नकोत, असा तिथला नियम आहे. तरी तो मोडला जातो, कारण मागे बसलेले पाहुणे ‘अजून जवळ’ म्हणतात आणि बक्षिसी त्यांच्या हातात असते. मारातल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटकांची वर्दळ जास्त, तिथे चित्त्यांची फारच कमी पिल्लं मोठी होतात, असं त्यात दिसलं. तुम्ही कोल्हापूरचे, म्हणून एक आठवण देते. आपल्याकडचे चित्ते संपत आले तेव्हा कोल्हापूर आणि भावनगर संस्थानांनी शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणवले होते. आज तोच प्राणी तुम्हाला मोकळ्या माळावर, त्याच्या मर्जीने वावरताना दिसेल. ड्रायव्हरला आदल्या रात्रीच सांगा : आम्हाला जवळचा फोटो नको, एकाच ठिकाणी थांबलो तरी चालेल आणि बक्षिसी त्यामुळे कमी होणार नाही. त्याचा चेहरा कसा खुलतो बघा.

ऑगस्टमध्ये शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून आलेली विल्डबीस्टची, म्हणजे दाढीवाल्या मोठ्या कुरंगांची, झुंड मारातच असते. नदी ओलांडतानाचं दृश्य अचाट आहे खरं, पण कळप काठावर तासन् तास घुटमळून माघारीही फिरतात. काठावर ते गोळा झाल्याची खबर असेल तरच तिकडे जा.

आणि पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. केनियाहून परतताना भारतात तिचा दाखला मागतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो. साठीच्या पुढे या लसीचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका वाढतो, म्हणून आईंना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे न्या. पुढचे बुकिंगचे पैसे भरण्यापूर्वीच हे करा.